न आलेल्या पाण्याची बातमी

प्रिय काका,

गेल्या महिन्यात शेतकऱ्यांच्या तक्रार-सभेत एका अधिकाऱ्याने आपलं साप्ताहिक हातात घेतलं, घडी उलगडली आणि हात उंच करून सगळ्या सभेला दाखवलं. तुम्ही ते चार पानी तमिळ पत्र चाळीस वर्षं काढलंत. त्याच सभेत मागच्या बाकावर बसून किती वेळा माझ्या कानात पुटपुटला होतात, "हे लोक एकदा तरी आपला पेपर वाचतील का रे, माधवा?"

वाचला, काका. पहिलं पान वाचून दाखवलं. माइकवर, मोठ्याने. आणि मला वाटलं, धरणीने मला तिथल्या तिथे पोटात घ्यावं.

कारण त्यांनी वाचलेली बातमी खोटी होती. ती मी छापली होती.

तुम्ही गेल्याला दोन वर्षं झाली. एवढ्या काळात तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुमचे दिवस केले, वर्षश्राद्ध केलं. पिंडाला कावळा लगेच शिवला तेव्हा काकू म्हणाली, "बघ, त्यांच्या मनात काही राहिलं नाही." तेव्हा खरंच राहिलं नसेल. आता राहिलं असेल असं मला वाटतं, आणि ते माझ्यामुळे. म्हणून लिहायला बसलोय.

देवनागरीत लिहितोय. पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आपल्या या मराठी घरात ती आता मला एकट्यालाच वाचता येते. माझी मुलगी मराठी बोललेलं सगळं समजते, उत्तर मात्र तमिळमध्ये देते. हा कागद तिच्या हाती पडला तरी तिच्यासाठी नुसत्या रेघा. म्हणून मोकळेपणाने लिहिता येतंय.

काय छापलं होतं ते आधी सांगतो. "पुदु आरूचं पाणी शुक्रवारी कडैमडैला पोचलं. शेतकरी आनंदात." एवढंच. खाली एक फोटो, पाण्याने काठोकाठ भरलेल्या पुदु आरू कालव्याचा.

कडैमडै! कालव्याचं शेवटचं दार, ज्याच्यापुढे पाण्याला जायला वाट नाही. सरकार कसं चाललंय हे राजधानीत बसून कळत नाही, कडैमडैला जाऊन बसलं की कळतं, असं तुम्ही म्हणायचात. दरवर्षी धरण उघडलं की कल्लणै बंधाऱ्यावर समारंभ होतो. मंत्री पाण्यावर फुलं आणि भात उधळतात, सगळे कॅमेरे तिथे. तुम्ही त्या समारंभाला एकदाही गेला नाहीत. तुम्ही ओरत्तनाडूची बस धरायचात, तिथून कुणाची तरी सायकल घेऊन थेट शेवटच्या गावी. कालव्याच्या काठी रासप्पनच्या ओसरीवर मुक्काम. पाणी यायला कधी दोन दिवस, कधी पाच. आलं की लिहायचात: अमुक वारी सकाळी पाणी आलं, रासप्पन त्यात उतरले, घोटा बुडाला.

एकदा एका मंत्र्याचा माणूस आपल्या ओट्यावर येऊन म्हणाला होता, "सार, बातमीत आमच्या साहेबांचं नावच नाही?" तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "घालतो की. त्यांना तिथे घोट्याएवढ्या पाण्यात उभं करा, रासप्पनच्या शेजारी." तो हसत हसत गेला. पण पुन्हा आला नाही.

आणि तुमची ती वही! दुसऱ्या कुठल्या वर्तमानपत्रात अशी पद्धत असेल असं वाटत नाही. जे स्वतः पाहिलं ते तमिळमध्ये लिहायचं आणि जे नुसतं कानावर आलं ते मराठीत. ऐकलेली गोष्ट जाऊन, बघून, विचारून खरी ठरली की तुम्ही ती पुन्हा तमिळमध्ये लिहून काढायचात. छापायला फक्त तमिळ ओळी जायच्या. छापखान्यात कुणी वही उघडली तरी मराठी कुणाला वाचता येत नव्हती, त्यामुळे अर्धीकच्ची बातमी बाहेर फुटत नसे. हा फायदा तुम्ही सगळ्यांना सांगायचात. पण खरं कारण वेगळं होतं, हे मला फार उशिरा कळलं. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना प्रत्येक ओळीपाशी तुम्हाला थांबावं लागायचं. मी गावच्या शाळेतला पोर, शनिवारी बसने तुमच्याकडे यायचो आणि ऐटीत काहीतरी बातमी सांगायचो. तुम्ही मान वर न करता विचारायचात, "देखिलास की ऐकिलास?" ऐकलं म्हटलं की लेखणी मराठीकडे वळायची.

मी चुकलो तो तिथेच, काका.

बातमी मला तयार आली. आता सगळ्या बातम्या तयारच येतात. व्हॉट्सॲपवर एक गट आहे, त्यात आम्ही सगळे वार्ताहर. रोज सकाळी प्रेसनोट पडते, टाइप केलेली, शुद्ध तमिळ, मथळ्यासकट, फोटोसकट. त्या दिवशीही पडली. चहा समोर होता, पंखा चालू होता, बाहेर ऊन होतं. मला ताप नव्हता, घरात कुणी आजारी नव्हतं. माझ्याजवळ एकही सबब नाही. तिथवर जायला आता मोपेडही आहे, तुमच्यासारखी सायकल मारावी लागत नाही. तरी मी गेलो नाही.

सेल्वीने विचारलं होतं हो! आपली सेल्वी, कॉम्प्युटरवर पेपर जुळवते ती. "सार, ह्या बातमीचं वहीतलं पान कुठेय?"

"तयार आलीय. तशीच टाक."

"कडैमडैची आहे, सार. मोठे सार जाऊन यायचे."

"अगं, फोटो आहे ना सोबत!"

तिने बातमी पानात टाकली. बातमी तमिळमध्येच आली होती, त्यामुळे ती माझ्या मराठीतून गेलीच नाही. कुठे थांबावंच लागलं नाही. वहीचं ते पान अजून कोरं आहे.

सभेत रासप्पन उभे राहिले. ऐंशीच्या घरात आलेत, काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या गावाला अजून पाणी आलं नाही, सार. रोपं कशात टाकायची?" तेव्हा त्या अधिकाऱ्याने आपला पेपर उचलला. "हे बघा, तुमच्याच बाजूचा पेपर. आमचा नाही. सरकारविरुद्ध लिहायला कधी न भिणारा. यात काय लिहिलंय?" आणि वाचलं.

मला वाटलं, रासप्पन म्हणतील, पेपर खोटं बोलतो. त्यांनी तसं म्हटलं असतं तर मी उभा राहून हो म्हटलं असतं. निदान आज मला तसं वाटतं. पण ते क्षणभर त्या पानाकडे बघत राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "ह्या पेपरात आलं असेल तर आलं असेल, अय्या."

आणि खाली बसले.

काका, इतका विश्वास का कमावलात? जो माणूस कालव्याच्या काठावर राहतो, ज्याच्या दारातून पाणी जायचं, त्याने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तुमच्या कागदावर भरवसा ठेवावा? हे तुम्ही केलंत. चाळीस वर्षं एकही बातमी न बघता छापली नाहीत, म्हणून माझी एक बातमी एवढी जड झाली. दुसऱ्या कुठल्या पेपरात ती आली असती तर त्याच सभेत लोक हसले असते.

बसल्यावर रासप्पननी मान वळवली. दोन बाकं सोडून कालव्यावर आधी लागणाऱ्या वरच्या गावची माणसं बसली होती. त्यांच्याकडे बघत ते म्हणाले, "मग आमचं पाणी गेलं कुठे?"

मी त्या वेळीही उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी मोपेडवरून गेलो. आधी जायचं ते नंतर गेलो! वरच्या गावापर्यंत कालवा तुडुंब. गाव ओलांडलं, मैलभर पुढे गेलो, तिथे कोरै गवताच्या दाटीत कालव्याला आडवा मातीचा एक बांध. उन्हाळ्यात कालव्याच्या भिंतीचं काम चाललं होतं, तेव्हा कंत्राटदाराने पाणी अडवायला घातलेला. काम संपलं, यंत्रं गेली, बांध काढायचा राहिला. त्यावर गवत उगवलं होतं. शेळ्या चरत होत्या, काका! दोन महिन्यांचं गवत होतं ते. बांधाच्या पलीकडे कालव्याचा तळ भेगाळलेला, त्यात एका पोराची फाटकी चप्पल.

बांध दोन्ही गावांच्या मधे, कुणाच्याच शिवारात नाही. वरच्या गावाला त्याचा त्रास नाही, म्हणून त्यांचं तिकडे लक्ष गेलं नाही. आणि खालच्या गावाने तो सभेहून परतल्यावर जाऊन पाहिला होता. तीच तर गोष्ट आहे. मी रासप्पनना म्हटलं, "अय्या, हा बांध उन्हाळ्यापासूनचा आहे."

"नाही तंबी. शुक्रवारी पाणी आलं ना? पेपरात आहे. बांध आधीपासून असता तर पाणी आलं कसं? शुक्रवारनंतर घातलाय. कुणी घातला ते आम्हाला कळतं."

"पण शुक्रवारी तुम्ही पाणी पाहिलं का?"

"पहाटे येऊन गेलं असेल. आम्ही निजलो होतो."

मी म्हटलं, "अय्या, मी ती बातमी बघून लिहिली नव्हती." ते माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "तुझे काका मला पाण्यात उतरवल्याशिवाय एक अक्षर लिहीत नसत. तू त्यांचा पुतण्या." मी कुणाच्या तरी दबावाखाली आता फिरतोय असं त्यांना वाटलं. वरच्या गावाने मला गाठलं असेल, असंही वाटलं असेल.

म्हणजे माझ्या एका शुक्रवाराने बांधाचं वय बदललं. कंत्राटदाराचा विसरलेला बांध शेजाऱ्याने घातलेला बांध झाला.

त्या आठवड्यात बांधापाशी मारामारी झाली. वरच्या गावच्या एकाचं डोकं फुटलं, खालच्या गावच्या दोघांना पोलिसांनी नेलं. दोन गावांमधली मोपेडची वाट खालच्या लोकांनी काटे टाकून बंद केली. आणि मग चॅनलवाले आले.

तुम्ही असताना दोन-तीन चॅनलं होती. आता मोजायचं सोडून द्यावं एवढी झालीत, आणि कुठलं चॅनल कुठल्या पक्षाचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आपल्या नाक्यावरचा चहावाला गिऱ्हाइकाने नेसलेल्या वेष्टीच्या काठावर कुठल्या पक्षाचा रंग आहे ते बघतो आणि त्या रंगाचं चॅनल लावतो. दोन वेगळ्या काठांचे दोघे एकदम आले तर सिनेमाची गाणी लावतो. एवढी एकच माणुसकी उरलीय.

एका चॅनलने दाखवलं, कडैमडैचे शेतकरी आनंदात आहेत, विरोधकांनी भांडण लावलं. दुसऱ्याने दाखवलं, सरकारच्या आशीर्वादाने वरच्या गावाने पाणी लुटलं. रात्री चर्चा. सहा चौकटींत सहा माणसं, सगळे चेन्नईत बसलेले, आणि एकाने विचारलं, "वरच्या गावात कुठल्या जातीचे लोक जास्त आहेत?" त्यानंतर पाऊण तास तोच विषय. कालवा राहिला बाजूला.

एक तरुण वार्ताहर मला ओळखतो. मी त्याला हाताला धरून बांधापर्यंत नेलं. गवत दाखवलं, शेळ्यांच्या लेंड्या दाखवल्या, वरच्या भिंतीचं नवं सिमेंट दाखवलं.

"अण्णे, हे सगळं खरं असेल," तो म्हणाला. "पण ह्यात माणूस कुठेय? माती दाखवली की लोक चॅनल बदलतात."

"माणूस आहे ना. रासप्पन आहेत."

"कॅमेऱ्यासमोर रडतील?"

"नाही रडणार."

"मग मी काय दाखवू?" त्याचा चेहरा पडला होता. वाईट पोरगा नाही तो. संध्याकाळपर्यंत काही पाठवलं नाही तर त्याला वरून फोन येतो. "तुम्हाला परवडतं अण्णे, आठवड्यातून एकदा छापता," असं म्हणून गाडीत बसला.

मला ते लागलं. आठवड्यातून एकदा छापत होतो, सात दिवस हातात होते, आणि तेच केलं जे तो तासाभरात करतो.

मी दुरुस्ती छापली. पहिल्या पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत: पाणी आलं नव्हतं, बांध उन्हाळ्यापासूनचा आहे, आम्ही न बघता छापलं. छापायच्या आदल्या दिवशी कंत्राटदाराचा माणूस घरी आला होता. चपला बाहेर काढल्या, तुमच्या फोटोला हात जोडले, काकूच्या पाया पडला. "मोठे सार देवमाणूस. कधी कुणाच्या वाटेला गेले नाहीत," म्हणाला. काकू आतून कॉफी घेऊन येत होती, ती तिथेच थांबली. म्हणाली, "कोण, हे? हे सगळ्यांच्याच वाटेला जायचे. म्हणून तर ह्या घरात दुसऱ्यांदा कॉफी प्यायला कुणी आलं नाही. तू पी." त्याने ती कशीबशी संपवली.

मला हसू आलं, त्या महिन्याभरात तेवढंच एकदा. पण दुसऱ्या दिवशी छापखान्याच्या मालकाने अंक छापून दिला आणि खाली बघत म्हणाला, "पुढच्या आठवड्यापासून दुसरीकडे बघा, सार. मला ह्याच गावात धंदा करायचाय." त्याच्या बापाने तुमचे अंक वीस वर्षं छापले. 

दुरुस्तीचे अंक घेऊन मी दोन्ही गावी गेलो. आणि काका, तुम्हाला सांगण्यासारखं खरं वाईट ते तिथे घडलं.

वरच्या गावचे गोविंदसामी, त्यांनी अंक हातातही घेतला नाही. "गेल्या महिन्यात तुझ्या पेपराने आम्हाला चोर ठरवलं," ते म्हणाले.

"आम्ही तुमचं नावसुद्धा लिहिलं नव्हतं, अय्या."

"नाव लिहायला कशाला हवं? आता तोच पेपर म्हणतो आम्ही चोर नाही. दोन्ही वेळा आम्हाला विचारायला कोण आलं होतं? डोकं माझ्या पुतण्याचं फुटलं, कागद तुझा बदलला."

गोविंदसामींच्या घरात रासप्पनची नात दिलीय, चैत्रात लग्न झालं. तुम्हाला ठाऊकच आहे, आडि महिन्यात नव्या नवरीला माहेरी आणतात. आडिच्या अठराव्या दिवशी ती आईबरोबर नदीवर जाते, कावेरीची पूजा करते, नवा पिवळा दोरा गळ्यात बांधते. रासप्पनच्या दारात मांडव पडलाय. पण न्यायला कोण जाणार? वाट काट्यांची आहे. आणि पाठवणार कोण? गोविंदसामी म्हणाले, "आमची सून तुझ्या कागदावर पाठवू का? तिचा आजा इथे येऊन चूक झाली म्हणू दे. मग बघू." दाराच्या आड ती मुलगी उभी होती. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. तिने फक्त विचारलं, "आजोबांचा खोकला बरा आहे का?"

म्हणून खाली रासप्पनकडे गेलो. दुरुस्ती वाचून दाखवू लागलो. दोन ओळी ऐकल्या आणि त्यांनी हात वर केला.

"वाचू नको, तंबी."

"अय्या, खरं आहे हे."

"तेच म्हणतोय. हे खरं असेल तर मी त्या लोकांना भर सभेत जे बोललो, माझ्या पोरांनी जे केलं, ते सगळं कुठे नेऊन ठेवू? पोलिसात गेलेत दोघं. पहिलं होतं तेच राहू दे. ते खरं होतं तेव्हा आम्ही तरी बरोबर होतो."

मी कागद घडी करून खिशात ठेवला. 

मला वाटायचं, खोट्यावर खरं ठेवलं की खोटं पुसलं जातं. पाटीवर ओला फडका फिरवावा तसं. तसं होत नाही. खोट्यावर माणसांनी घरं बांधलेली असतात तोवर. खरं आलं की ती पाडावी लागतात, आणि त्याला कुणी तयार नसतं. आणि हे एका चार पानी पेपराने केलं. ज्यांचे पेपर लाखांनी खपतात, ज्यांची चॅनलं रात्रंदिवस चालतात, ते रोज काय करत असतील? रोज किती बांधांची वयं बदलत असतील? हा विचार आला की माझी झोप जाते.

पुढचं ऐका. चार दिवसांपूर्वी पहाटे कुणीतरी यंत्र आणून बांध उडवला. बोभाटा नाही, काही नाही. माती दोन्ही बाजूंना पसरवली, गवत गेलं, शेळ्यांची वाट गेली. पाणी खाली आलं. मी तिथे होतो, काठावर उभा राहून पाणी येताना पाहिलं. आधी फेस, मग कचरा, मग गढूळ पाणी. एकही माणूस काठावर आला नाही. दहाच्या सुमारास व्हॉट्सॲपवर प्रेसनोट पडली: पाणी कडैमडैला पोचलं, शेतकरी आनंदात. तोच मथळा, तोच फोटो.

आता तर दाखवायला बांधही उरला नाही. खालच्या गावात काय म्हणतात ठाऊक आहे? "बघा, वरच्यांनी घाबरून काढला." मी कितीही सांगितलं तरी माझ्याजवळ आता नुसता शब्द आहे. आणि माझ्या शब्दाचं काय झालंय ते तुम्ही वाचलंतच.

काल सकाळी मारुतीच्या देवळात गेलो. प्रदक्षिणा घातल्या. हात जोडून उभा राहिलो तेव्हा मागायला काही सुचेना. चूक मी करायची आणि निस्तरायची त्याने, असं कसं मागू? तुम्ही रोज जायचात तिथे. तुम्ही काय मागायचात, काका? कधी सांगितलं नाहीत. तुमच्यावर माझा एक राग आहे, आज लिहून टाकतो. तुम्ही मला बघायला शिकवलंत, थांबायला शिकवलंत, पण न बघता लिहिल्यावर माणसाने काय करावं ते शिकवलं नाहीत. तुमच्या हातून कधी झालंच नाही म्हणून? की झालं होतं आणि तुम्ही गिळून बसलात? तुम्ही चुकला होतात एवढं जरी कळलं असतं तरी आज मी इतका एकटा नसतो.

काकू म्हणते, पेपर बंद कर. "ते गेले तेव्हाच बंद करायला हवा होता. निदान चांगल्या नावाने संपला असता." ती मला दुखवायला म्हणत नाही. काल म्हणाली, "तुझे काका असते तर आठ दिवस जेवले नसते. तू जेव. दोघांनी उपाशी राहून काय होणार?" मी जेवलो. चव लागली नाही.

कधी वाटतं, तिचंच खरं. कुणाला हवाय आता असा पेपर? ज्यांना आपल्या काठाच्या रंगाचं ऐकायचंय त्यांच्यासाठी चॅनलं आहेत. ज्यांना भांडायचंय त्यांच्यासाठी फोन आहे. जाऊन, थांबून, बघून येणाऱ्या माणसाची वाट कुणी बघत नाही. रासप्पन बघायचे. तेही आता म्हणतात, वाचू नको.

पण मग दाराआडची ती मुलगी आठवते. तिला कुणी काही विचारलं नाही. ना दोन चॅनलांनी, ना त्या सहा चौकटींतल्यांनी, ना मी. अठरावा दिवस तीन दिवसांवर आलाय.

आपल्या पेपरात तुम्ही बातमीखाली कधी नाव घातलं नाहीत. तुमचं नाही, माझंही नाही. "बातमी लिहिणाऱ्याची नसते," म्हणायचात. त्या सवयीमुळे माझी दुरुस्तीही "आम्ही" म्हणून छापली गेली. आम्ही न बघता छापलं. कोण आम्ही? तुम्ही? सेल्वी? "आम्ही" म्हटल्यावर गोविंदसामींना समोर कुणी दिसलंच नाही. रासप्पनना दोष द्यायला माणूसच मिळाला नाही, म्हणून तो शेजाऱ्याकडेच राहिला. हे मला आज, हे लिहिताना लक्षात आलं.

म्हणून तुम्हाला वचन देतो. पेपर चालू ठेवीन असं वचन देत नाही, तेवढी ताकद माझ्यात आहे की नाही ठाऊक नाही. उद्या सकाळी मी खालच्या गावापासून ते काटे उचलत चालत वरच्या गावी जाईन. मारियम्मनच्या देवळासमोर, सगळ्यांदेखत, कागद हातात न घेता सांगेन: रासप्पन खोटं बोलले नाहीत, तुम्ही पाणी चोरलं नाहीत, न आलेल्या पाण्याची बातमी मी लिहिली, माझं नाव माधवराव. चूक झाली म्हणायला तुमच्या सुनेच्या आजोबांनी येऊ नये, मी आलोय. मग माझं त्यांना काय करायचं ते करोत. आणि एखादा अंक निघाला, कुठल्या का छापखान्यात, तर हेच पहिल्या पानावर जाईल, खाली माझ्या नावासकट.

ते ऐकतील असं वाटत नाही, काका. खरंच वाटत नाही. पण अठराव्या दिवशी मी रासप्पनच्या दाराशी उभा असेन. ती मुलगी आली तर आली म्हणून लिहीन. नाही आली, तर ती का आली नाही ते लिहीन.

तुमचा,
माधव